हेवी मेटल गिटारची घडण : पिकअप व लाकडाची निवड

विद्युत गिटारच्या इतिहासात १९७० च्या दशकाला विशेष स्थान आहे. कारखान्याने ठरविलेला नाद स्वीकारण्याऐवजी वाद्याची घडण स्वतः ठरविण्याकडे वादक या काळात वळू लागले.

पिकअप म्हणजे तारेच्या कंपनाचे विद्युत संकेतात रूपांतर करणारे, चुंबक व तांब्याच्या तारेचे वेटोळे यांनी बनलेले साधन. एका वेटोळ्याच्या पिकअपमध्ये वीजपुरवठ्याची घरघरही मिसळत असे. गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये परस्परविरुद्ध जोडणीची दोन वेटोळी वापरून ती घालविली. या ‘हमबकर’चा दाट, सबळ स्वर पुढे हेवी मेटलच्या प्रखर वादनास अनुकूल ठरला. १९७० च्या दशकाच्या आरंभी लॅरी डिमार्झिओ यांनी आणलेला ‘सुपर डिस्टॉर्शन’ तयार गिटारमध्येही बदलून बसविता येई.

कॅलिफोर्नियातील एडी व्हॅन हेलन यांनी अ‍ॅश लाकडाच्या स्वस्त सांगाड्यात गिब्सनचा जुना हमबकर बसविला. मोठ्या आवाजात वेटोळी कंप पावून कर्कश शीळ उमटे. म्हणून त्यांनी तो वितळलेल्या मेणात बुडविला. १९७८ च्या त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये ही गिटार ऐकू येते.

महोगनी, अ‍ॅश यांच्या नादगुणांविषयी मतभेद आहेत. चुंबकीय पिकअप मुख्यतः तारेचे कंपन टिपतो. त्यामुळे लाकडाचा परिणाम वजन, तोल व मजबुती यांत अधिक निर्विवाद दिसतो. यावरून असे म्हणता येईल की, हेवी मेटलचा नाद घडविण्यात दुर्मिळ लाकडापेक्षा वादकाच्या प्रयोगशीलतेचा वाटा मोठा आहे.