‘टेक-ऑफ’ शब्दाला कुलूप कसं लागलं

वैमानिक होऊ घातलेल्या मुलांना रेडिओवर बोलण्याचं जे इंग्रजी शिकवतात, त्यात ‘टेक-ऑफ’ हा शब्द कुलूपबंद असतो. उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करताना, आणि वैमानिकाने ती परत म्हणून दाखवताना, तेवढाच तो उच्चारायचा. एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं. शाळेतल्या इंग्रजीत एकाच गोष्टीला चार शब्द येणं हे भाषेवरचं प्रभुत्व मानतात. इथे तो धोका आहे.

२७ मार्च १९७७. कॅनरी बेटांपैकी टेनेरिफवरचा लॉस रोडिओस विमानतळ. दाट धुकं, जमिनीवरची विमानं दाखवणारं रडार नाही. केएलएमचं जंबो जेट धावपट्टीच्या टोकाला उभं, आणि पॅन अ‍ॅमचं दुसरं जंबो त्याच धावपट्टीवरून समोरून येत होतं. नियंत्रकाने केएलएमला फक्त पुढचा मार्ग सांगितला, पण त्या सांगण्यातच ‘टेक-ऑफनंतर’ असे शब्द होते. सहवैमानिकाने मार्ग परत म्हणून दाखवला आणि शेवटी जोडलं, ‘वी आर नाऊ अ‍ॅट टेक-ऑफ’. विमान तोवर धावू लागलं होतं. नियंत्रकाला वाटलं, ते तयार होऊन थांबलेत. तो ‘ओके’ म्हणाला, क्षणभर थांबला आणि मग ‘थांबा, मी कळवतो’ अशा अर्थाचं बोलला. नेमक्या त्याच वेळी पॅन अ‍ॅमनेही ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’ असं कळवलं. दोन्ही आवाज एकमेकांवर आदळले. केएलएमच्या कॉकपिटमध्ये स्पष्ट पोचलं ते ‘ओके’; पुढे कर्कश शिट्टी. दोन्ही विमानांची टक्कर झाली, ५८३ माणसं गेली. केएलएमचे कप्तान त्या कंपनीतले ज्येष्ठ प्रशिक्षक होते, तेव्हा अनुभव कमी पडला असं म्हणता येत नाही.

त्या अपघातानंतर ‘टेक-ऑफ’ बांधला गेला. नुसत्या ‘ओके’वर भागवणंही बंद झालं. ‘रॉजर’चा अर्थ ‘तुमचा निरोप पूर्ण मिळाला’ एवढाच. त्यात होकार नाही, पालनाचं वचनही नाही.

आकड्यांचीही अशीच गत. १९८९ मध्ये क्वालालंपूरजवळ एका मालवाहू विमानाला २४०० फुटांपर्यंत उतरायला सांगितलं होतं: ‘टू फोर झिरो झिरो’. पहिला ‘टू’ वैमानिकांना ‘पर्यंत’ या अर्थाचा वाटला. ते ४०० फुटांच्या दिशेने उतरत राहिले, डोंगरावर आदळले, चौघेही गेले. त्यांनी ‘फोर झिरो झिरो’ असं परत म्हटलं होतं, पण नियंत्रकाने ते हटकलं नाही.

ठरीव वाक्यं जिथे संपतात, तिथे साधं इंग्रजी लागतंच. त्यासाठी आयकाओ या आंतरराष्ट्रीय संघटनेने सहा पायऱ्या ठरवल्या. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी किमान चौथी हवी. ही अट इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांनाही लागू आहे.

म्हणून बारामतीत, गोंदियात विमान शिकणाऱ्या, मराठी शाळेतून आलेल्या मुलामुलींनी फर्ड्या इंग्रजीला दबून जाऊ नये. ही भाषा सगळ्यांनाच नव्याने शिकावी लागते. फक्त ऐकलेला आकडा पूर्ण परत म्हणा, आणि शंका असेल तर न लाजता ‘से अगेन’ म्हणा.