सैलानीची वाट

वऱ्हाडातल्या वेडाचा इतिहास लिहायचा तर सरकारी दप्तराआधी आमच्या चिखलीजवळचे पिंपळगाव सराई गाठावे, असे माझे मत आहे. तिथे सैलानी बाबांचा दर्गा. होळीला यात्रा भरते, नारळांची होळी पेटते. मराठे, मुसलमान, बौद्ध, बंजारे, सारेच येतात. आणि त्यांच्यासवे मन बिघडलेले आप्तही. नागपूरला १८६४ साली वेड्यांचे इस्पितळ निघाले खरे. पण वऱ्हाडच्या खेडुताला ते दूर, आणि त्याची धास्तीच अधिक. दर्ग्यावर निदान घरचे माणूस उशाशी असे.

डॉक्टर ज्याला आजार म्हणतो, त्यालाच घरचे ‘बाहेरचे’ म्हणतात आणि दर्ग्यावर ‘हाजरी’. यांतला एकही शब्द हसण्यावारी नेला, की रोग्याचे तोंड मिटलेच!

मात्र नुसत्या श्रद्धेवर विसंबण्याची किंमतही भयंकर. तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ ६ ऑगस्ट २००१ रोजी झोपड्यांना आग लागली. साखळदंडांनी जखडलेल्यांना पळताही येईना. २८ जीव गेले. रोग्याला साखळी घालणे २०१७ च्या कायद्याने सर्वत्र निषिद्ध ठरले.

गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात २००८ च्या सुमारास निराळी तोड निघाली: ‘दवा आणि दुआ’. मुजावरच रोग्याला आवारातल्या डॉक्टरकडे धाडू लागले. दंडावरचा ताईत सोडायला तिथे कोणी सांगत नाही. गोळी मात्र वेळेवर घ्यायला सांगतात, आणि मुजावराने सांगितलेली म्हणून ती घेतलीही जाते.