दख्खनमधील अरब : ताम्रपट, कथा आणि ताल

महाराष्ट्रातील अरब वस्तीच्या इतिहासाचे दोन टप्पे आहेत. पहिला कोकणच्या बंदरांचा, दुसरा निजामाच्या फौजेचा. दोहोंची लिखित साधने उपलब्ध आहेत. परंतु परक्या भूमीत माणसे कशी रुजली, हे समजून घ्यायचे तर कथा आणि संगीत यांच्याकडे वळावे लागते.

इ. स. ९१६च्या सुमारास अल् मसूदी सैमूर म्हणजे चौल येथे आला, तेव्हा तेथे सुमारे १०,००० मुसलमान राहत असल्याचे त्याने नोंदवले. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेल्यांबरोबर याच भूमीत जन्मलेली त्यांची संततीही त्यांत होती. तिला ‘बयासिरा’ असे स्वतंत्र नाव होते. चिंचणीच्या शके ८४८ (इ. स. ९२६)च्या ताम्रपटात राष्ट्रकूटांच्या वतीने संजाणचा कारभार पाहणाऱ्या मधुमती म्हणजे मुहंमद या ताजिक अधिकाऱ्याने विनामूल्य नावा व अन्नछत्र चालविल्याचा उल्लेख आहे.

ताम्रपटातून अधिकार कळतो, मनातील धाकधूक कळत नाही. ती बुजुर्ग इब्न शहरियार या नाखव्याच्या नावावर असलेल्या ‘अजाइब अल् हिंद’ या दहाव्या शतकातील कथासंग्रहात आढळते. एका कथेत देवालयाचा अवमान करणाऱ्या खलाशाला कोणती शिक्षा द्यावी, हे सैमूरचा राजा मुसलमानांचा मुख्य अब्बास इब्न माहान यालाच विचारतो. आश्रयदात्या राजाशी इमान राखावे की स्वकीयाला वाचवावे, हा पेच कोणत्याही दानपत्रात सापडणारा नाही.

दुसऱ्या टप्प्यात हद्रमौतचे अरब सैनिक निजामाच्या चाकरीत आले. १९४८च्या पोलीस कारवाईनंतर त्यांपैकी अनेकांना एडनकडे परत पाठविण्यात आले. येथे जन्मलेले बरेच जण मागे राहिले. मराठवाड्यातील चाऊस कुटुंबे याच परंपरेतली. पिढ्यांगणिक अरबी भाषा मागे पडली. मर्फ्याचा ताल मात्र हैदराबादेतील लग्नाच्या वरातींत टिकला. हे वादन अरबांइतकेच निजामाच्या पदरी असलेल्या आफ्रिकी सिद्दींचेही आहे. त्यामुळे त्यात निखळ अरबी मूळ शोधणे व्यर्थ ठरते.

हजार वर्षांपूर्वी चौलला जी संतती ‘बयासिरा’ म्हणून ओळखली जाई, तिच्याशी या तालाचे नाते आहे: त्याचे पूर्वज समुद्रापलीकडचे, जन्म मात्र इथला. स्थलांतराचा इतिहास लिहिताना कोण कोठून आले एवढेच पाहिले, तर इथे जन्मलेल्याची नोंद राहून जाते.