चालत्या क्रियापदांची कुळकथा

बेंगळुरूहून जुन्या मद्रास रस्त्यानं होसकोट्याकडे जाणाऱ्या बसमध्ये कंडक्टरच्या तोंडी मोजकेच शब्द असतात. 'हत्ती' म्हणजे चढा, 'इळीरी' म्हणजे उतरा, 'मुंदे होगी' म्हणजे पुढे जा, 'ओळगे बन्नी' म्हणजे आत या. मराठी माणसाला हे लवकर जमतं. शब्द परके असले तरी मांडणी ओळखीची असते. बसमधल्या इंग्रजीची तऱ्हा वेगळी. चढायचं तर 'गेट ऑन', उतरायचं तर 'गेट ऑफ', मोटारीत बसायचं तर 'गेट इन', तिच्यातून उतरायचं तर 'गेट आउट'. क्रियापद जागचं हलत नाही, दिशेचा सगळा भार शेपटाच्या शब्दावर. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांनी काळ आणि प्रयोग घोटून पक्के केले, पण या शेपटाच्या शब्दांशी त्यांनाही झगडावं लागलं.

ही अडचण फक्त आपली नाही. सॅम्युएल जॉन्सननं १७५५ साली आपला इंग्रजी कोश काढला तेव्हा प्रस्तावनेतच बजावलं होतं, की क्रियापदामागे छोटा शब्द लावून अर्थ फिरवण्याची इंग्रजीची खोड परक्यांना सर्वांत जड जाते. तिचं आजचं 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव त्यानंतर एकशे सत्तर वर्षांनी छापील चलनात आलं. लोगन पिअरसॉल स्मिथनं ते १९२५ च्या 'वर्ड्स अँड इडियम्स' या पुस्तकात वापरलं आणि ते ऑक्सफर्ड कोशाच्या हेन्री ब्रॅडलीनं सुचवल्याचं सांगितलं. खोड मात्र फार जुनी. जुन्या इंग्रजीत हे दिशाशब्द कधी क्रियापदाच्या पुढे चिकटत, कधी सुटे राहत. पुढच्या शतकांत ते बहुतेक क्रियापदाच्या मागे स्थिरावले. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंचमधून 'एंटर', लॅटिन वळणाचे 'असेंड', 'डिसेंड' असे भारदस्त शब्द आले आणि घर दुमजली झालं. वरच्या मजल्यावर 'एंटर', खाली 'गो इन'. आपल्याकडे 'प्रवेश करणे' आणि 'आत जाणे' असेच शेजारी राहतात.

आता खरी मौज. हा सुटा दिशाशब्द आपल्या घरातलाच आहे. वेदांच्या भाषेत प्र, परा, अप, उद्, नि, आ हे उपसर्ग धातूला जखडलेले नव्हते. ते धातूच्या आधी येत, नंतर येत, मध्ये चार शब्द टाकून लांबही उभे राहत. पाणिनीनं पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात याची व्यवस्था लावली आहे. उपसर्ग धातूच्या आधी यावा, हा सामान्य नियम. लगेच पुढे दोन सूत्रं अशी, की वेदात तो धातूच्या नंतरही चालतो आणि दोघांत अंतर पडलं तरी चालतं. म्हणजे पाणिनीच्या डोळ्यांसमोर दोन अवस्था होत्या: एक मोकळी, एक बांधलेली. इंग्रजी माणूस 'अप' हा शब्द वाक्यात इकडून तिकडे सरकवतो, तेव्हा तो काहीसं वैदिक ऋषींसारखंच बोलत असतो. एवढंच कशाला, उपसर्गाला स्वतःचा अर्थ असतो का, यावर निरुक्तकार यास्काच्या आधीच वाद झडला होता. धातूपासून तोडलेल्या उपसर्गाला अर्थ नाही, हे शाकटायनाचं मत. आहे, हे गार्ग्याचं. 'गिव्ह अप' मधल्या 'अप' चा अर्थ काय, असं मुलं आजही विचारतात, आणि तो प्रश्न निरुक्ताइतका जुना आहे.

पुढे काय झालं? उपसर्ग धातूला चिकटला, प्राकृतात झिजला आणि मराठीपर्यंत येताना धातूच्या पोटात जिरला. 'नेणे' मध्ये 'नी' धातू आहे. त्यालाच 'आ' लागून 'आणणे' झालं. 'सृ' या एका धातूचं कुटुंब पाहा: 'सरणे', 'प्र' लागून 'पसरणे', 'अप' किंवा 'अव' लागून 'ओसरणे'. पूर ओसरतो तेव्हा त्या 'ओ' मध्ये मागे हटण्याची दिशा दडलेली असते, बोलणाऱ्याला तिची जाणीव नसते. 'स्था' पासून 'ठेवणे' आलं, 'उद्' लागून 'उठणे', 'प्र' लागून 'पाठवणे'. 'बसणे' मध्ये 'उप' आणि 'विश्' आहेत. 'पळणे' मध्ये 'परा' आहे. तिथे 'र' चा 'ल' संस्कृतातच झाला आणि पाणिनीनं त्यासाठी वेगळं सूत्र केलं.

'उतरणे' जरा थांबून पाहण्यासारखं आहे. 'तॄ' म्हणजे पाणी ओलांडणं, 'उद्' म्हणजे वर. पाण्यातून वर येऊन काठाला लागणं, होडीतून काठावर पाय ठेवणं, हा 'उत्तॄ' चा जुना अर्थ. होडीतून उतरणारा गाडीतून उतरू लागला, आणि खाली येण्याच्या 'अवतॄ' ची छायाही त्यावर पडली. आज आपण जिना उतरतो, ते मुळातल्या 'वर' अर्थाच्या उपसर्गासकट.

उपसर्ग असा गिळल्यावर दिशा सांगायला भाषेला नवी सोय करावी लागली. एक सोय सुट्या शब्दांची: वर जाणे, बाहेर पडणे, आत शिरणे. दुसरी 'ऊन' ची: पळून जाणे, निघून येणे, घेऊन जाणे. हा 'ऊन' महाराष्ट्री प्राकृतातल्या 'गंतूण', 'काऊण' मधल्या 'ऊण' चा वंशज. आणि इथे होसकोट्याची बस पुन्हा उपयोगी पडते, कारण कन्नडही असंच बोलते. 'ओडि होदा' म्हणजे शब्दशः धावून गेला, अर्थात पळून गेला. 'तगोंड बा' म्हणजे घेऊन ये. मरी एमेनो यांनी १९५६ साली भारत हा एक भाषिक प्रदेश असल्याचं मांडलं, तेव्हा कुळं वेगळी असूनही इथल्या भाषांना जोडणाऱ्या वैशिष्ट्यांत ही ऊनान्त घडण मोजली. १९७१ साली गंपर्झ आणि विल्सन यांनी सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडच्या बोलींवर लेख लिहिला. तिथली मराठी, कन्नड आणि उर्दू शेजारानं इतक्या जवळ आल्या होत्या, की पाला कापून घेऊन येण्याचं एक साधं वाक्य तिन्ही बोलींत त्याच क्रमानं, जवळजवळ जोडाला जोड लावून उतरतं. कापणं, घेणं, येणं, तीन क्रिया एका माळेत. होसकोटे तर शहाजीराजांच्या जहागिरीतलं गाव. मराठी-कन्नडची अशी शेजारवस्ती या मुलखाला नवी नाही.

लेनर्ड टाल्मी यांनी १९७२ च्या प्रबंधापासून जगातल्या भाषांची याच प्रश्नावर विभागणी केली: गतीचा मार्ग क्रियापदात बसतो, की त्याच्या भोवतीच्या शब्दात. 'द डॉग रॅन इन्टू द हाउस' मध्ये क्रियापद धावण्याचं, मार्ग 'इन्टू' मध्ये. मराठीत 'कुत्रा धावत घरात शिरला'. मार्ग क्रियापदात आणि धावणं बाजूला. मला ही विभागणी पटते, पण एका भाषेला एकाच कप्प्यात कायमचं बसवणं पटत नाही. आपल्या भाषेनं एका कप्प्यातून दुसऱ्यात प्रवास केल्याचा पुरावा तर वर दिलाच आहे.

म्हणून इंग्रजीच्या शिक्षकांना एक विनंती. 'गो आउट', 'कम बॅक', 'रन अवे' यांच्या याद्या फळ्यावर लिहून मुलांकडून घोकून घेऊ नका. आधी नेणे-आणणे आणि सरणे-पसरणे-ओसरणे फळ्यावर मांडा आणि मुलांना त्यातले उपसर्ग शोधू द्या. मग सांगा, आपण जो तुकडा पोटात घेतला तो इंग्रजीनं बाहेर ठेवला आहे.