अपग्रेडच्या खोक्याची कुळकथा

संगणक जुनाच ठेवायचा आणि त्याची ऑपरेटिंग सिस्टीम तेवढी नवी विकत आणायची, ही प्रथा घराघरांत जेमतेम पंचवीस वर्षं टिकली. तिच्याआधी सिस्टीम यंत्राबरोबर यायची. आता ती इंटरनेटवरून उतरते, पुष्कळदा न मागता. मधल्या काळात मात्र ती दुकानाच्या फळीवर खोक्यात मिळत होती. खोक्यावर किंमत होती आणि ते घ्यायचं की नाही, हे गिऱ्हाईक ठरवत होतं. मला तो काळ मोलाचा वाटतो, तो या शेवटच्या गोष्टीसाठी.

मूळ शोधायला मोठ्या यंत्रांपर्यंत जावं लागतं. १९५६ मध्ये जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाने नॉर्थ अमेरिकन एव्हिएशनच्या साथीने आयबीएम ७०४ या यंत्रासाठी एकामागून एक कामं आपोआप चालवणारी सिस्टीम लिहिली. ती विकायचं कुणाच्या मनातही आलं नाही. ही यंत्रं वापरणाऱ्यांची ‘शेअर’ नावाची संघटना आदल्याच वर्षी स्थापन झाली होती आणि सदस्य आपले प्रोग्रॅम एकमेकांना देत असत. आयबीएमही सॉफ्टवेअरचे वेगळे पैसे घेत नसे. ते यंत्राच्या भाड्यात धरलेले असायचे. जानेवारी १९६९ मध्ये अमेरिकी सरकारने आयबीएमवर मक्तेदारीचा खटला भरला आणि २३ जूनला कंपनीने सॉफ्टवेअरची किंमत वेगळी लावण्याची घोषणा केली. पण तेव्हाही मूळ ऑपरेटिंग सिस्टीम फुकटच राहिली.

तिला किंमत लागली स्पर्धेमुळे. आयबीएमच्या सिस्टीम/३६० चे प्रमुख रचनाकार जीन ॲमडाल कंपनीतून बाहेर पडले आणि १९७५ पासून त्यांची यंत्रं ग्राहकांकडे जाऊ लागली. ही यंत्रं आयबीएमचीच सिस्टीम चालवत. म्हणजे आयबीएमने फुकट दिलेली सिस्टीम आता प्रतिस्पर्ध्याचं यंत्र खपवायला मदत करू लागली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आयबीएमने यावर तोड काढली: मूळ सिस्टीम पूर्वीसारखीच फुकट, पण तिच्यावर चढवायच्या सुधारणांचे पैसे वेगळे. अपग्रेडच्या व्यवहाराचं बीज मला इथे दिसतं.

घरगुती संगणकाकडे ही प्रथा वेगळ्या वाटेने आली. कॅलिफोर्नियातल्या गॅरी किल्डाल यांची सीपी/एम ही सत्तरच्या दशकातल्या छोट्या संगणकांची लाडकी सिस्टीम. तिच्याच धर्तीवर टिम पॅटरसन या तरुण अभियंत्याने १९८० मध्ये ८६-डॉस लिहिली. मायक्रोसॉफ्टने आधी तिचा परवाना घेतला आणि पुढच्या जुलैत ५०,००० डॉलर देऊन सगळे हक्कच घेतले. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमचा पीसी बाजारात आला, तेव्हा त्यावरच्या डॉसची किंमत ४० डॉलर होती. काही महिन्यांनी आलेली किल्डाल यांची सीपी/एम-८६ मात्र २४० डॉलरला. निकाल तिथेच लागला. पुढची जवळजवळ दहा वर्षं मायक्रोसॉफ्टची ही डॉस, म्हणजे एमएस-डॉस, यंत्र बनवणाऱ्यांमार्फतच मिळे. नवी आवृत्ती हवी असेल, तर ज्याचं यंत्र त्याच्याकडे किंवा त्याच्या विक्रेत्याकडे जायचं.

ही घडी मोडली किल्डाल यांच्याच डिजिटल रिसर्च या कंपनीने. १९९० मध्ये त्यांनी डीआर-डॉस ५.० सरळ दुकानात आणली, कुणाचंही यंत्र असो. हरलेल्या घराण्याची ही परतफेड मला फार आवडते, कारण तिने गिऱ्हाइकाची खरी अडचण सोडवली होती. पीसीवरच्या प्रोग्रॅमांना पहिली ६४० किलोबाइट मेमरीच सहज वापरता यायची आणि तिचाच मोठा घास डॉस खात असे. डीआर-डॉस स्वतःचं बिऱ्हाड वरच्या मेमरीत हलवून ती जागा मोकळी करून देई.

मायक्रोसॉफ्टचं उत्तर जून १९९१ मध्ये आलं: एमएस-डॉस ५.०, पहिल्यांदाच अपग्रेड म्हणून खोक्यात, सर्वांसाठी. यातल्या फ्लॉप्या कोऱ्या यंत्रासाठी नव्हत्या. आधी जुनी डॉस चालू करायची आणि तिच्यातूनच सेटअप सुरू करायचा. सेटअप वापरणाऱ्याकडे आणखी एक फ्लॉपी मागे आणि तिच्यावर ‘अनइन्स्टॉल’ अशी चिठ्ठी लावायला सांगे. जुनी डॉस ‘ओल्ड_डॉस.१’ नावाच्या डिरेक्टरीत बाजूला ठेवली जाई. नवी रुचली नाही, तर ती फ्लॉपी घालून जुन्या संसारात परतता यायचं. काम संपल्यावर कॉन्फिग.सिस या फाइलमध्ये दोन ओळी दिसत: एक हायमेम.सिस बोलावणारी, दुसरी ‘डॉस=हाय’. एवढ्यावर डॉसचा बराचसा भाग पहिल्या मेगाबाइटच्या लगेच वरच्या ६४ किलोबाइटच्या पट्ट्यात जाऊन बसे. मग ‘मेम’ हा हुकूम टाइप करायचा आणि मोकळ्या मेमरीचा आकडा वाढलेला बघायचा. पैसे कशाचे दिले, ते पडद्यावर आकड्यात दिसत होतं. परतीची वाट आणि मोजता येणारा फायदा, या दोन्ही गोष्टी एका खोक्यात पुन्हा क्वचितच मिळाल्या.

अपग्रेडचा भाव कमी असायचा, पण तो जुन्या खरेदीच्या जोरावर. ही पद्धत इतर सॉफ्टवेअर विकणाऱ्यांनी आधीच रुळवली होती. काही कंपन्या पुरावा म्हणून जुन्या मॅन्युअलचं पहिलं पान फाडून टपालाने मागवत. २४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ आली, तेव्हा पूर्ण आवृत्ती सुमारे २०० डॉलरची आणि अपग्रेड तिच्या निम्म्याच्या आसपास. न्यूझीलंडपासून मध्यरात्रीच्या रांगा लागल्या. अपग्रेडच्या फ्लॉप्या होत्या १३. सेटअप आधी हार्ड डिस्कवर जुनी विंडोज शोधे. सापडली नाही, तर जुनी फ्लॉपी घालायला सांगे. म्हणून शहाणी माणसं विंडोज ३.१ ची पहिली फ्लॉपी घराच्या कागदपत्रांसारखी जपून ठेवत.

आपल्याकडे हे खोकं फार कमी घरांत पोचलं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेल्या यंत्रात सिस्टीम बहुधा जोडणाराच टाकून देई आणि पुढचं अपग्रेडही त्याच्याच सीडीवरून व्हायचं. तरी मराठी लिहिणारे एका अपग्रेडचं देणं लागतात. तोवर मराठी मजकूर म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले फॉन्ट. दुसऱ्या यंत्रावर तोच फॉन्ट नसला की पत्राचा चिखल. फेब्रुवारी २००० मध्ये आलेल्या विंडोज २००० ने देवनागरी युनिकोड सिस्टीमच्या पोटातच आणली, सोबत ‘मंगल’ हा फॉन्ट. त्याची अक्षरं आयआयटी मुंबईत शिकवलेल्या सुलेखनकार र. कृ. जोशी यांच्या हातची. विंडोज एक्सपीत रीजनल सेटिंगमध्ये जाऊन एका चौकटीत खूण करावी लागे, मग यंत्र सीडी मागे आणि त्यानंतर मराठी नीट दिसे. नव्या आवृत्तीची एवढी खरी गरज मराठी माणसाला त्याआधी नव्हती आणि नंतरही क्वचितच पडली.

किमतीची उतरण ॲपलने सुरू केली. मॅकिंटॉशची सिस्टीम सुरुवातीला फुकट असे. १९९२ च्या सिस्टीम ७.१ पासून पैसे लागू झाले. मॅक ओएस टेनच्या बऱ्याच आवृत्त्या १२९ डॉलरला गेल्या. २००९ मध्ये स्नो लेपर्ड २९ डॉलरला आली, २०१२ मध्ये माउंटन लायन २० ला आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये मॅव्हरिक्स फुकट. ॲपलची कमाई यंत्रातून होती, त्यामुळे हिशेब पुन्हा यंत्राच्या किमतीत गेला. मायक्रोसॉफ्टने विंडोज ८ प्रोचं अपग्रेड भारतात काही महिने १,९९९ रुपयांना दिलं आणि जुलै २०१५ पासून विंडोज ७ व ८.१ च्या मालकांना विंडोज १० वर्षभर फुकट देऊ केली. त्यासाठीची सूचना लोकांच्या पडद्यावर इतक्यांदा येई, की ती थांबवायचे उपाय लोक एकमेकांना सांगू लागले.

विंडोज १० ची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि अलीकडचा प्रोसेसर नसलेल्या यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. घरच्या वापरकर्त्यांना आणखी एक वर्ष सुरक्षेच्या दुरुस्त्या हव्या असतील, तर मायक्रोसॉफ्टने त्याचा दर ३० डॉलर ठेवला; सेटिंग्ज मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवणाऱ्याला ही रक्कम माफ.