मोरी, उंदीर आणि मुंबईचा प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीच्या वस्तीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, तेव्हा मुंबईच्या कारभाऱ्यांनी पहिला आरोपी धरला तो गटाराला. रोगाचा जंतू १८९४ मध्येच हाँगकाँगला सापडला होता. पण रोग दुर्गंधीतून उपजतो ही समजूत कचेऱ्यांतून हललेली नव्हती. म्हणून गटारांत समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक सोडले, चाळींना चुना फासला, कौले उतरवून खोल्यांत ऊन पाडले. जेथे रोगी सापडे त्या घराच्या भिंतीवर वर्तुळ काढीत. आमच्या माणसांची पहिली शिरगणती ती अशी भिंतीवर झाली!

ऑक्टोबरात रोग्यांना सक्तीने इस्पितळात नेण्याचा हुकूम निघाला. २९ तारखेला सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले, आणि दुसऱ्याच दिवशी सक्ती सैल झाली. कमिशनर स्नो यांना मोठी धास्ती होती ती हलालखोरांची. दोन चाळींमधल्या हाउस गल्लीतून टोपलीने मैला उचलणारा हा माणूस घाबरून गावी गेला असता, तर शहर राहण्याजोगेच उरले नसते. ज्याची सावलीही लोकांना नको होती, त्याच्यावाचून मुंबईचे एक पान हलत नव्हते, हे सरकारी अहवालानेच कबूल केले. आम्हांला शाळा फारशी लाभली नाही. असले अहवाल आम्ही शब्दकोश शेजारी ठेवून वाचले. पण ही कबुली समजायला कोश लागत नाही.

खरा तपास लागला तो १९०५ नंतर. परळच्या प्रयोगशाळेत प्लेग कमिशनने शहरातले हजारो उंदीर, कोणता कोठे सापडला याची नोंद ठेवून, चिरून पाहिले. प्लेगच्या घरात मोकळे सोडलेले गिनीपिग मरत. पिसवांना शिरता येणार नाही अशा बारीक जाळीतले वाचत. दोघांना हवा एकच, वास एकच! तेव्हा दोष वासाचा नव्हता, उंदरावरच्या पिसवेचा होता. तारखा मांडल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. आधी मरत तो गटारातला तपकिरी उंदीर, सुमारे दहा दिवसांनी घरातला काळा उंदीर, आणि त्यानंतर दहा-चौदा दिवसांनी माणूस.

म्हणजे गटार अगदीच निर्दोष नव्हते. ते विषाची वाफ सोडीत नव्हते, पण उंदराला बिऱ्हाड देत होते. कार्बोलिकचे पिंप ओतून ते बिऱ्हाड मोडणार कसे? त्याला पक्की बांधलेली मोरी, बंद नळ आणि उकिरडा नसलेली गल्ली हवी. १८८८ च्या कायद्याने घरची मोरी राखण्याचा खर्च मालकाच्या माथी होता. मालकाला भाडे मात्र फुटक्या मोरीसकट मिळत होते. मग तो गवंडी कशाला बोलावील?

१८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दुसरी वाट धरली. मोरी दुरुस्त करण्यापेक्षा वस्तीच पाडायची. आरंभ नागपाड्यापासून झाला. पाडणे भराभर चालले, बांधणे रेंगाळले. आणि उठवलेली कुटुंबे परवडेल त्या भाड्याच्या शोधात शेजारच्याच गल्ल्यांत, आधीच भरलेल्या खोल्यांत, अधिक दाटीने शिरली.