निशाणी डाव्या हाताचा अंगठा

सध्या आमच्या घरात एकच विषय आहे. लेक अमेरिकेची नागरिक झाली आणि तिने आम्हा दोघांसाठी ग्रीन कार्डाचा अर्ज केला. त्यासाठी जन्माचा दाखला, लग्नाचा दाखला, वैद्यकीय तपासणी, दहा बोटांचे ठसे आणि शिवाय "या व्यक्तीविरुद्ध प्रतिकूल काही नाही" असं सांगणारं पोलिसांचं प्रमाणपत्र, म्हणजे पीसीसी! पासपोर्ट सेवा केंद्रात ५०० रुपये भरायचे, मग पोलिस ठाण्यातून चौकशी. पस्तीस वर्षं मुलांना चारित्र्याचे दाखले लिहून दिले, आता आपला दाखला दुसऱ्याने लिहायचा. आमच्या ह्यांना यात गंमत वाटते. मला मात्र त्या दहा बोटांचं कुतूहल लागून राहिलं. इतिहासाची बाई ना मी, जुनी खोड.

आपल्याकडे बोटाच्या ठशाशी एक लाज चिकटलेली आहे. 'अंगठेबहाद्दर' हा शब्दच बघा. जुन्या खरेदीखतांवर 'नि. डा. हा. अं.' असं लिहिलेलं असे, म्हणजे निशाणी डाव्या हाताचा अंगठा. पण त्याहीआधीच्या मराठी कागदांवर, महजरांवर, ज्यांना लिहिता येत नसे त्यांच्या नावापुढे त्यांच्या धंद्याची खूण काढलेली सापडते. कुणब्याच्या नावापुढे नांगर. मला ती पद्धत फार आवडते. माणूस काय काम करतो तीच त्याची सही! मोगलांच्या फर्मानावर तर खुद्द बादशहाच्या पंजाचा ठसा उमटवत, आणि तो मोठा मान समजत. मग हाताचा ठसा मानाकडून संशयाकडे गेला कधी?

उत्तर सापडतं बंगालमध्ये. १८५८ साली, म्हणजे उठाव नुकता कुठे शमत होता तेव्हा, जंगीपूर इथे विल्यम हर्शेल नावाचा पंचविशीतला इंग्रज अधिकारी होता. (युरेनस ग्रह शोधणाऱ्या हर्शेलचा हा नातू. आजोबांनी आकाशात पाहिलं, नातवाने तळहातात!) रस्त्यासाठी लागणाऱ्या खडीचा करार त्याने राज्यधर कोनाई नावाच्या माणसाशी केला. उद्या हा म्हणेल 'सही माझी नाहीच', म्हणून कचेरीच्या शिक्क्यासाठी वापरायची शाई कोनाईच्या तळहाताला फासून कराराच्या मागे हात उमटवून घेतला. हर्शेलने पुढे स्वतःच सांगितलं आहे की त्या वेळी हेतू फक्त धाक घालण्याचा होता. शास्त्र वगैरे नंतर. पण मग त्याला छंदच लागला. वर्षानुवर्षं तो स्वतःचे आणि ओळखीपाळखीच्यांचे ठसे घेत राहिला आणि वयाबरोबर ते बदलत नाहीत हे त्याच्या लक्षात आलं.

१८७७ साली तो हुगळीचा मॅजिस्ट्रेट झाला तेव्हा त्याने ठसे सरकारी कामात आणले. कुठे माहीत आहे? दस्तनोंदणीत, तुरुंगात आणि... पेन्शनमध्ये! पेन्शनर वारला तरी दुसराच कोणी त्याच्या नावाने पेन्शन उचलायचा, ते थांबवायला. दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी यंत्रावर बोट ठेवणाऱ्या माझ्या तमाम निवृत्त मैत्रिणींनो, आपलं २०१४ पासूनचं ते 'जीवन प्रमाण' मुळात हुगळीचं आहे बरं का.

ठसे घेणं सोपं, पण हजारो ठशांतून एक शोधायचा कसा? ही खरी अडचण होती, आणि ती सोडवली आपल्या माणसांनी. एडवर्ड हेन्री हा बंगालचा पोलिसप्रमुख. त्याच्या हाताखाली काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस. लहानपणी आपण एकमेकांच्या बोटांवरचे शंख-चक्र मोजायचो ना, दहाही चक्रं असली तर तो राजा होणार म्हणून? साधारण त्याच पायावर त्यांची पद्धत उभी आहे. प्रत्येक बोटावर चक्र आहे की नाही, एवढंच पाहायचं. दहा बोटं, प्रत्येकाच्या दोन शक्यता. आमच्या ह्यांनी लगेच हिशेब केला, दोनाचा दहावा घात, १०२४. तेवढेच कप्पे केले की कुठलाही कागद नेमक्या कप्प्यात जातो. यामागचं गणित मुख्यतः हक यांचं, असं आता मानलं जातं. जगभर मात्र नाव झालं 'हेन्री पद्धत'. हक खानबहादूर झाले, बोस रायबहादूर, तेही पुष्कळ उशिरा. साहेबाच्या हाताखाली काम करणाऱ्यांचं हे असंच व्हायचं.

१८९७ साली कलकत्त्यात ठशांची कचेरी निघाली, आणि लंडनच्या स्कॉटलंड यार्डात १९०१ साली. म्हणजे आपल्याकडे चार वर्षं आधी! जलपायगुडीच्या एका चहामळ्याच्या मॅनेजरचा खून झाला, तेव्हा तिथे सापडलेल्या बंगाली पंचांगावरचा पुसट ठसा जुन्या नोकराच्या कलकत्त्यातल्या नोंदीशी जुळला. न्यायालयाने चोरी सिद्ध मानली, खून मानला नाही. ठसा सांगतो तो इथे होता. त्याने काय केलं ते ठसा सांगत नाही. ही बारीक गोष्ट त्या काळच्या न्यायाधीशांना कळली, याचं मला अजून कौतुक वाटतं.

आता या कथेतला सगळ्यात विलक्षण भाग. हाच हेन्री १९०० साली दक्षिण आफ्रिकेत पोलिसांची घडी बसवायला गेला आणि ही विद्या तिकडे पोचली. ट्रान्सवालमध्ये राहणाऱ्या हिंदी माणसांकडे आधी अंगठ्याचा ठसा असलेले परवाने असत. ऑगस्ट १९०६ मध्ये नव्या कायद्याचा मसुदा आला. आठ वर्षांवरच्या प्रत्येक हिंदी स्त्री-पुरुषाने नोंदणी करायची, दहाही बोटांचे ठसे द्यायचे, आणि पोलिस मागेल तेव्हा परवाना दाखवायचा. गांधीजींनी हेन्रीचं पुस्तक मिळवून वाचलं आणि त्यांना कळलं की कायद्याने दहा बोटं फक्त गुन्हेगारांची घेतात. ११ सप्टेंबर १९०६ ला जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात सभा झाली आणि तिथे पुढे ज्याला 'सत्याग्रह' नाव मिळालं त्याची शपथ घेतली गेली. पोलिसांच्या सोयीसाठी दोन हिंदी माणसांनी गणित मांडावं, आणि त्याच गणिताविरुद्ध हिंदी माणसांनी तुरुंगात जावं!

पण गांधीजींचं पुढचं वागणं वर्गात समजावून सांगताना मला नेहमी जड जायचं. जानेवारी १९०८ मध्ये स्मट्सशी तडजोड झाली. कायदा मागे घेणार असाल तर आम्ही आपखुशीने नोंदणी करू. शिकलेल्यांना सहीची सवलत होती, तरी गांधीजी म्हणाले, मी दहा बोटांचे ठसे देणार. १० फेब्रुवारीला नोंदणीला जाताना मीर आलम आणि त्याच्या साथीदारांनी त्यांना भर रस्त्यात मारून बेशुद्ध पाडलं. डोक यांच्या घरी अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी ठसे दिले. ते घेणारे अधिकारी चॅमनी यांच्या डोळ्यांत पाणी आलं, असं गांधीजींनी लिहून ठेवलं आहे. मुलं विचारायची, "बाई, आधी नाही म्हटलं आणि मग का दिले?" सक्तीने घेतलेला ठसा आणि आपण होऊन दिलेला ठसा यांत फरक आहे, असं मी सांगायचे. कायदा मागे घेतला गेला नाहीच. १६ ऑगस्ट १९०८ ला मशिदीसमोर मोठ्या कढईत रॉकेल ओतून दोन हजारांहून जास्त परवाने जाळले. मग मुलांचं समाधान व्हायचं. जाळपोळ मुलांना लगेच कळते.

अमेरिकेने परदेशी प्रवाशांचे ठसे सरसकट घ्यायला सुरुवात केली जानेवारी २००४ पासून, ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर. (तारीख पुन्हा ११ सप्टेंबरच, हा निव्वळ योगायोग.) आधी दोन तर्जन्या, मग काही वर्षांतच दहाही बोटं. आता शाई नसते, काचेवर आधी उजवी चार, मग डावी चार, मग दोन्ही अंगठे. मला त्यात अपमान वाटला नाही, कारण रांगेतल्या सगळ्यांचे घेत होते, आणि नको असेल तर मी घरी बसायला मोकळी होते. खडूने आणि भांड्यांनी बोटं झिजली आहेत, तेव्हा तीनदा प्रयत्न करावा लागला, एवढंच.

ज्यांना घरी बसायची मोकळीक नव्हती, त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय मात्र राहवत नाही. माझी पहिली नोकरी सोलापूरची, १९७३ सालची. तिथे 'सेटलमेंट' होती. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. १९११ च्या कायद्याने नोंद झालेल्या कोणाचेही ठसे घ्यायची मुभा मिळाली. तारेच्या कुंपणात राहायचं, हजेरी द्यायची. कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला, म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी. पीसीसी मागायची सोयच नव्हती त्यांना, कारण उत्तर जन्माआधीच लिहिलेलं!

माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील कुंपणाच्या आत वाढलेले. गिरणीत कामाला होते. शिष्यवृत्तीच्या अर्जावर पालकाची सही हवी होती. मी सवयीने शाईचं पॅड पुढे सरकवलं. त्यांनी ते हलकेच बाजूला केलं, खिशातून पेन काढलं आणि कागदावर वाकून एकेक अक्षर सावकाश लिहिलं. पाच-सात मिनिटं लागली असतील. मागे इतर पालक खोळंबले होते, कोणी काही बोललं नाही. "एवढंच येतं बाई लिवायला," ते म्हणाले, "नाव. पोराकडूनच शिकलो." मग अर्ज उचलून त्यांनी शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि माझ्या हातात दिला.